एका वर्षाचा रिपोर्ट



दर महिन्याला या पानावर मी दुसऱ्यांच्या आजाराबद्दल लिहिते. या वेळी माझ्याच हातातल्या कागदाबद्दल लिहायचे आहे. डिसेंबरमध्ये मी रक्त तपासून घेतले. एचबीएवनसी ७.९ निघाले. खात्रीसाठी पुन्हा तपासले, तरी आकडा जवळपास तोच. दोन वर्षांपूर्वी तो ६.१ होता, म्हणजे काठावर. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. चोवीस वर्षे नर्सची नोकरी केलेल्या बाईला हे कळायला इतका उशीर का झाला, हे सांगते.

फेब्रुवारीत माझी सतरा वर्षांची नोकरी गेली. दवाखान्याचे व्यवस्थापन बदलले आणि आम्हा सातजणींची कंत्राटे पुढे वाढवली नाहीत. एप्रिलमध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या क्लिनिकमध्ये काम मिळाले. पगार कमी, दोन बस बदलायच्या, पहाटे साडेपाचला उठायचे. जूनच्या शेवटी बाबा गेले. रेल्वेत गँगमन होते, शेवटपर्यंत स्वतःचे कपडे स्वतः धूत. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाला चारशे माणसे आली. तिसऱ्या आठवड्यात घरात आई, मी आणि बाबांचा चष्मा एवढेच उरले. सगळे मला म्हणत होते, ‘ताई, तू खंबीर आहेस.’ मलाही तसेच वाटत होते.

आता शरीराच्या आत काय चालते ते पाहू. मोठा धक्का किंवा रोजची काळजी असली की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक जास्त सोडतात. ते यकृताला सांगते, साखर रक्तात सोड, आता धावायचे आहे. त्याच वेळी इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. वाघ समोर असता तर ही व्यवस्था कामाची होती. पण बिल भरायचे असते, बस पकडायची असते, आईला धीर द्यायचा असतो. यात धावणे कुठेच नाही, त्यामुळे सुटलेली साखर रक्तातच राहते. त्यात झोप कमी झाली की भूक वाढते, आणि ती भूक भाजी-भाकरी मागत नाही. मी रोज बसस्टॉपवर दोन गोड चहा आणि क्रीमची बिस्किटे खात होते. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते. माझ्या कागदावरचा तो आकडा म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबरची माझी दिनचर्याच होती.

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घरातल्या जवळच्या माणसाचा मृत्यू ६३, नोकरीवरून काढले जाणे ४७, पैशाच्या परिस्थितीत बदल ३८, कामाच्या वेळा बदलणे २०, झोपेच्या सवयी बदलणे १६, खाण्याच्या सवयी बदलणे १५. वर्षभराच्या गुणांची बेरीज दीडशेच्या वर गेली की आजारी पडण्याची शक्यता वाढते, तीनशेच्या वर आणखी वाढते, असे त्यांचे म्हणणे. माझी बेरीज १९९ झाली. गंमत म्हणजे लग्नालाही त्यांनी ५० गुण दिले आहेत. बदल आनंदाचा असला तरी जुळवून घेण्याचे कष्ट शरीराला पडतातच. ही यादी काही भविष्य सांगत नाही आणि ती आपल्यासाठी बनवलेलीही नाही. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारणाऱ्या घरमालकाला तिच्यात एकही गुण नाही. पण एकाच वर्षात किती गोष्टी एकावर एक पडल्या, हे मोजायला तिचा उपयोग होतो. मी प्रत्येक गोष्ट सुटी सुटी पाहत होते, म्हणून मला ओझे दिसले नाही.

आपल्याकडे दुःख गिळण्याचे फार कौतुक होते. भाषणात १९३५ चे उदाहरण येते. २७ मे रोजी माता रमाई गेल्या, जूनमध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा भार घेतला आणि १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. हे सगळे खरे आहे. पण त्यावरून ‘रडू नका, कामाला लागा’ असा उपदेश काढणे मला पटत नाही. बाबासाहेब रमाईंसाठी शोकाकुल झाले होते, हेही चरित्रांत आहेच. आणि पुढे त्यांना मधुमेहाने फार त्रास दिला. त्याचा संबंध त्या वर्षाशी जोडण्याचा मला अधिकार नाही. मात्र त्यांच्या औषधपाण्याकडे आणि पथ्याकडे डॉक्टर असलेल्या माईसाहेब जातीने लक्ष देत. उपचार घेणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही, एवढे तरी आपण घ्यावे.

शोक पायऱ्या चढल्यासारखा क्रमाने जातो, ही समजूत आता फारशी कुणी मानत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले की माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. कधी गेलेल्याच्या आठवणीत, कधी नव्या व्यवहारात. मला हे वाचून हायसे वाटले. सकाळी मी बसच्या पासाची रांग धरायची आणि संध्याकाळी बाबांच्या पेन्शनचे कागद पाहून रडायची. मला वाटे, माझ्या मनाला काहीतरी झाले आहे. तसे काही नव्हते. एकाच बाजूला अडकून पडणे जास्त काळजीचे. दिवसभर कामच काम करून गेलेल्याचे नावही न काढणारा माणूस आणि महिनोन्‌महिने अंथरूण न सोडणारा माणूस, दोघांकडेही लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणारा, रोजचे जगणेच थांबवणारा तीव्र शोक हा उपचार लागणारा आजार मानला आहे. मरणाचे विचार येत असतील तर सहा महिने थांबायचे नाही, त्याच दिवशी बोलायचे. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

मृत्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांत जवळच्या माणसाला हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. त्या गडबडीत घरातल्या म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हमखास चुकतात. तेव्हा भेटायला जाल तेव्हा ‘गोळी घेतली का?’ एवढे विचारा. सांत्वनाचे शब्द सुचले नाहीत तरी चालेल. पुरुषमंडळींबद्दल एक वेगळे सांगते, राग मानू नका. नोकरी गेली की आमच्या वस्तीत संध्याकाळी कुणीतरी बाटली घेऊन ‘दुःख विसर’ म्हणायला येतोच. दारूने झोप लागते, पण ती तुटक असते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जाते.

नोकरी सुटणार असे दिसले तर ईएसआयसीचे कार्ड किती काळ चालेल, हे शेवटच्या दिवसाआधी कार्यालयात विचारून घ्या. मी विचारले नाही, म्हणूनही तपासणी लांबली. खरे तर शासकीय आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. हे मी दुसऱ्यांना शेकडो वेळा सांगितले असेल.

आता रोज रात्री एक गोळी सुरू आहे, चहा बिनसाखरेचा. दोन स्टॉप आधी उतरून चालत घरी येते. जानेवारीत आईला म्हटले, तुझाही रक्तदाब तपासू. ती म्हणाली, ‘मला काय धाड भरली?’ तरी आली. वरचा १६८ निघाला. परत येताना तिने बसमध्ये पहिल्यांदाच विचारले, ‘तुला झोप येते का गं?’ मी खरे ते सांगितले. तिलाही येत नव्हती.

मार्चमध्ये दोघींची पुढची तपासणी आहे.