बिनपायांची चाल

१९५०च्या दशकात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एक छोटी फिल्म घेतली. तांबड्या पेशींच्या गर्दीत एक पांढरी पेशी जिवाणूंच्या मागे लागलेली तीत दिसते. जिवाणू वळले की तीही वळते, वाटेतल्या तांबड्या पेशींना बाजूला सारते आणि शेवटी त्यांना गिळून टाकते. मुलांना ही फिल्म दाखवली, तर एक प्रश्न हमखास येईल. हिला पाय नाहीत, मग ही पळते कशी?

फळ्यावर आपण पेशीची जी आकृती काढतो, तिच्यात याचे उत्तर सापडत नाही. पेशीद्रवाने भरलेली पिशवी आणि मधोमध केंद्रक, एवढेच तिच्यात असते. प्रत्यक्षात त्या पेशीद्रवात प्रथिनांच्या धाग्यांचे दाट जाळे पसरलेले असते. त्यातला सर्वांत बारीक धागा अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा. अ‍ॅक्टिनचा एक रेणू म्हणजे ३७५ अमिनो आम्लांच्या साखळीची घडी पडून झालेला मणी. असे मणी एकापुढे एक जोडले जाऊन सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा धागा तयार होतो. एक मिलिमीटर जागेत असे एक लाख चाळीस हजार धागे शेजारी शेजारी मावतील.

अ‍ॅक्टिनचा शोध मात्र स्नायूत लागला. हंगेरीतील सेगेद येथे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्राउब यांनी १९४२च्या सुमारास ते वेगळे केले. स्नायूत मायोसिन नावाचे प्रथिन अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना ओढते, म्हणून स्नायू आखडतो. साहजिकच अ‍ॅक्टिन म्हणजे ओढायची दोरी, अशी समजूत झाली. पुढे १९६६मध्ये जपानच्या हातानो आणि ओसावा यांनी स्नायूचा मागमूस नसलेल्या श्लेष्मबुरशीतूनही अ‍ॅक्टिन काढून दाखवले. पण दोरीने ढकलता कसे येईल? पांढऱ्या पेशीची पुढची कड तर ढकलली जाताना दिसते.

हे कोडे सोडवायला मदत केली ती लिस्टेरिया नावाच्या एका रोगजंतूने. दूषित दूध, चीज अशा पदार्थांतून तो शरीरात जातो. गर्भवती स्त्रियांना आणि त्यांच्या बाळांना त्याचा मोठा धोका असतो. हा जिवाणू माणसाच्या पेशीत घुसतो आणि आत वेगाने हिंडू लागतो. त्याच्या मागे धूमकेतूसारखी शेपटी दिसते. १९८९मध्ये टिल्नी आणि पोर्टनॉय यांनी दाखवले की ही शेपटी जिवाणूची नाहीच, ती आपल्या पेशीच्या अ‍ॅक्टिनची आहे.

१९९२मध्ये ज्युली थेरियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुरेख प्रयोग केला. प्रकाश पाडला की चमकू लागेल असा रंग त्यांनी अ‍ॅक्टिनला जोडला आणि शेपटीत एक चमकता पट्टा उमटवला. जिवाणू पुढे निघून गेला, पट्टा मात्र जागच्या जागी राहिला. म्हणजे शेपटी जिवाणूबरोबर ओढली जात नव्हती. जिवाणूच्या पाठीशी नवे मणी जोडले जात होते आणि धागे ज्या वेगाने वाढत, त्याच वेगाने जिवाणू पुढे सरकत होता. बांधकाम हेच इंजिन!

चौकस विद्यार्थी येथे अडवील : धाग्याचे टोक जिवाणूला टेकलेले असेल, तर मध्ये नवा मणी शिरेल कसा? उत्तर उष्णतेत आहे. एवढ्या लहान जगात काहीच स्थिर नसते. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी जिवाणूही थरथरतो, धागाही लवतो. क्षणभर फट पडली की मणी आत शिरतो, आणि मग मागे यायला जागा उरत नाही. चाकाला उटी लावत चढावर गाडी चढवावी, तसा हा प्रकार आहे.

मग एवढे मणी येतात कोठून? पावसाळ्यात शाळेच्या अंगणात पाणी साचले की मुले दोन विटांवरून पलीकडे जातात. एका विटेवर उभे राहायचे, मागची उचलायची, पुढे ठेवायची. पेशीही तेच करते. कोफिलिन नावाचे प्रथिन मागचे जुने धागे मोडते आणि सुटलेले मणी पुढे पुन्हा वापरले जातात. याला खर्च येतो, तो एटीपीच्या रूपाने पेशी भागवते.

आता खरा प्रश्न. मणी तर पेशीभर पसरलेले आहेत, मग धागे नेमके पुढच्या कडेलाच का वाढतात? यामागे सात प्रथिनांचा एक समूह आहे, त्याचे नाव एआरपी २/३. पोलार्ड यांच्या प्रयोगशाळेने १९९४मध्ये तो एका अमिबात शोधला. हा समूह जुन्या धाग्याच्या बगलेला बसतो आणि तेथून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडतो. २०२०मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी पेशी गोठवून हा सांधा पेशीच्या आतच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बारकाईने पाहिला.

पण एआरपी २/३ एरवी निजलेला असतो. बाहेरून संदेश आला की पेशीच्या पटलाशी सीडीसी-४२, रॅक यांसारखी लहान प्रथिने जागी होतात. ती वास्प आणि त्याच्या भाऊबंद प्रथिनांना चालू करतात, आणि ही प्रथिने त्या समूहाला उठवतात. लिस्टेरियाची लबाडी अशी, की त्याच्या अंगावरचे अ‍ॅक्ट-ए हे प्रथिन वास्पची नक्कल करते. वरची सारी परवानगी टाळून तो थेट एआरपी २/३ला कामाला जुंपतो.

वास्प हे नाव एका आजारावरून पडले आहे. १९३७मध्ये म्युनिचच्या विस्कॉट यांनी तीन भावांची हकीकत लिहिली. सतत रक्तस्राव, अंगावर इसब आणि पुन्हा पुन्हा कानाचे संसर्ग. त्यांच्या बहिणी मात्र धडधाकट होत्या. १९५४मध्ये आल्ड्रिच यांनी हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो हे दाखवले. जबाबदार जनुक १९९४मध्ये सापडले आणि त्यापासून बनणारे प्रथिन म्हणजे वास्प. ते रक्ताच्या पेशींतच असते. ते बिघडले की पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागेकडे नीट जाता येत नाही, आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेटही कमी व लहान राहतात. अशा मुलांत अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण १९६८पासून होत आले आहे. जुळणारा दाता मिळाला नाही तर काय, ही त्यातली मोठी अडचण. २०१३मध्ये मिलानच्या डॉक्टरांनी तीन मुलांच्या स्वतःच्याच मूळपेशी काढून त्यांत निर्दोष जनुक घातले व त्या परत दिल्याचे प्रसिद्ध केले. त्या मुलांची प्रकृती सुधारली.

अ‍ॅक्टिनचे धागे शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत, पण त्यांचे काम दिसते. हायड्रिलाचे एक कोवळे पान पाण्याच्या थेंबात ठेवून उजेडात पाहा. थोडा वेळ थांबलात तर हरितलवके पेशीच्या कडेकडेने रांगेत फिरताना दिसतील. येथे मात्र अ‍ॅक्टिन रुळाचे काम करते आणि त्यावरून माल ओढतो तो मायोसिन.