टांग मारायच्या तऱ्हा

इंदापूरहून बारामतीकडे निघालं की बेलवाडी, सणसर, भवानीनगर, काटेवाडी अशी गावं लागतात. १८८०च्या दशकात नीरेचा डावा कालवा या भागात आला, पाण्यामागून ऊस आला, १९३०च्या दशकात उद्योगपती वालचंद हिराचंद यांचं साखर कारखान्याचं वालचंदनगर उभं राहिलं. कारखान्याच्या पाळीला जाणारा कामगार, डेअरीला दूध घालणारा गडी, वाढ्यांचा भारा घेऊन गोठ्याकडे परतणारा शेतकरी, या सगळ्यांची बरीच वर्षं एकच सवारी होती. काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, आडव्या नळीची सायकल. सोनीपतची ॲटलस (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६) किंवा मद्रासची हर्क्युलस, नाव कुठलंही असलं तरी घडण जुन्या विलायती सायकलचीच. बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम, आणि सीट जमिनीपासून जवळजवळ मीटरभर उंच.

ही सायकल लांब पायांच्या, विजार घातलेल्या, रिकाम्या हाताच्या पुरुषाच्या मापाने बेतलेली होती. आपल्याकडे ती आली तेव्हा तिच्यावर बसणाऱ्यांत असा माणूस थोडका. बाकीच्यांनी, म्हणजे पोरांनी, गवळ्यांनी, धोतर-लुगड्यातल्या माणसांनी, चढायच्या आपापल्या तऱ्हा शोधल्या. सायकलचा इतिहास लिहिताना कारखाने आणि शर्यती येतात, या तऱ्हा येत नाहीत. त्या लिहून ठेवायला हव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण त्या येणारी माणसं आता म्हातारी होत चालली आहेत.

सर्वांत अवघड आणि सर्वांत देखणी तऱ्हा पोरांची. दहा वर्षांच्या पोराचा पाय नळीवरून पलीकडे जात नाही, गेला तरी पायडलला पुरत नाही. मग उजवा पाय नळीखालून, फ्रेमच्या तिकोनातून घालायचा. डावा हात हँडलवर, उजवी काख सीटवर, पंजाने नळी घट्ट धरलेली. पोराचं सगळं अंग डावीकडे लोंबकळतं, म्हणून सायकल उजवीकडे कलती ठेवायची. तसं केलं की दोघांचं मिळून वजन बरोबर चाकांच्या रेषेवर येतं. पायडलचा पूर्ण फेरा होत नाही. अर्धा फेरा दाबायचा, कटकट करत मागे आणायचा, पुन्हा दाबायचा. हेच हाप पायडल. हे जमलं की नळीवर बसून पूर्ण पायडल, आणि सीटवर बढती त्यानंतर कधीतरी. उजव्या पोटरीवर चेनच्या ग्रीसचा काळा पट्टा घेऊन पोर घरी आलं की ते कुठं होतं हे कुणाला विचारावं लागत नसे.

हाप पायडल शक्य झालं ते फ्रीव्हीलमुळे, म्हणजे पायडल मागे फिरवलं तरी चाकाला पुढे जाऊ देणाऱ्या चक्रीमुळे. १८८५च्या रोव्हर सायकलला आणि तिच्यानंतर बरीच वर्षं निघालेल्या सायकलींना फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरलं की पायडलही फिरायचं, त्यामुळे त्यावर निवांत उभं राहता येत नसे. म्हणून मागच्या आसाला डाव्या बाजूने एक पायरी असे. मागून तिच्यावर पाय ठेवायचा, दोन उड्या मारायच्या आणि पुढे सीटवर सरकायचं. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलवरही मागूनच चढत. १९००च्या सुमारास फ्रीव्हील रुळलं आणि डाव्या पायडलवर पाय ठेवून, उजव्याने जमीन रेटत, वेग आला की मागून टांग टाकायची पद्धत सोपी झाली. चेन उजवीकडे असल्याने डावीकडून चढणाऱ्याचे कपडेही वाचतात.

वेग आधी का लागतो, याचं उत्तर गणितात आहे. २००७ साली संशोधकांनी एका नमुना सायकलची समीकरणं सोडवली. ती सायकल आपली आपण, कुणी न सावरता उभी राहते ती साधारण ताशी साडेपंधरा ते पावणेबावीस किलोमीटर वेगात. टांग मारताना आपण याच्या निम्म्यानेही जात नसतो. त्या दोन-तीन क्षणांत सायकल उभी ठेवतो तो चढणाराच, तोल जाईल तिकडे हँडल वळवून. म्हणून नवशिका चालवताना कमी आणि चढता-उतरताना जास्त पडतो.

गवळ्याला ही पळती टांग बंद. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना किटल्या, मागून पाय जाणार कुठून? तो सायकल आपल्याकडे जरा कलती करतो, उजवा गुडघा छातीशी आणतो आणि पाय सीटच्या पुढून, नळीवरून पलीकडे टाकतो. मग जागच्या जागी जोर. किटली तोंडोतोंड भरलेली असेल तर दूध स्थिर राहतं, अर्धी असेल तर ते डचमळून तोल ओढतं. वाढ्यांचा भारा असला तरी हीच रीत. गुडघे धरलेला म्हातारा माणूस मैलाचा दगड नाहीतर पाराचा कट्टा गाठतो आणि त्यावर पाय ठेवून बसतो. डबलसीटमध्ये कसब मागच्याचं. पुढचा चालू लागल्यावर तो पळत येऊन कॅरिअरवर एकांगी टेकतो, त्या धक्क्याने हँडल हलकं पडतं, आणि पुढच्याला ते ठाऊक असावं लागतं.

बायकांसाठी विलायतेत झुकत्या नळीची सायकल निघाली ती तिथल्या घेरदार झग्यांसाठी. आमच्या कासोट्याच्या नऊवारीला आडवी नळी फार जड गेली नसती. अडचण गोल पाचवारीची होती, आणि त्याहून जास्त लोकांच्या नजरेची. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी जेंट्स घेतल्या, आणि कित्येकींना त्याच आवडल्या, कारण नळीवर मूल बसवता येतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे लिहून ठेवलं आहे. ज्या नळीने अडवलं, तिचाच पोरासाठी पाट झाला.

आज मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, ही मोठीच गोष्ट. पण सायकल देताना तिच्यावर चढायला शिकवायची जबाबदारी कुणी घेत नाही. घरी शिकवणारा भाऊ नसेल तर ती सायकल पडवीत टेकून राहते. शाळेच्या मैदानावर चार दिवस काढले तरी भागेल. सीट इतकी खाली घ्यायची की दोन्ही टाचा टेकतील. मग दोन्ही पायडल काढून ठेवायची आणि पायांनी जमीन रेटत तोल शिकू द्यायचा. १८१७ साली कार्ल ड्राइसने केलेलं पहिलं दुचाकी यंत्र असंच, बिनपायडलचं होतं. तोल आला की पायडल परत बसवायची. पाना लावताना एवढं लक्षात ठेवायचं की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. काढताना उजव्यासारखं फिरवलं तर ते सुटायच्या ऐवजी घट्ट होत जातं.