रांजणाखालची ओल

आमच्या कुत्रीला, हरणीला, जंताची गोळी देऊन चार आठवडेही झाले नसतील, तोच तिच्या अंथरुणावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे दिसले. ताजे दाणे हळूच आकसत-पसरत होते, वाळलेले शितासारखे चादरीला चिकटले होते. पुन्हा गोळी दिली. दाणे थांबले आणि महिन्याभराने परत आले. मग दुसऱ्या कंपनीची गोळी आणली, तरी तेच. घरात सगळ्यांचं एकमत झालं की गोळ्याच बनावट असणार.

गोळ्या खऱ्या होत्या आणि त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. जंताचं औषध म्हणजे लस नव्हे, हे आम्हाला कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आतड्यात जे जंत असतील त्यांना औषध मारतं. एक-दोन दिवसांत ते शरीराबाहेर जातं आणि पुढच्यासाठी कुत्र्याच्या अंगात काहीच राखण उरत नाही. तिसऱ्या दिवशी नवा जंत पोटात गेला तर तो निवांत वाढतो. म्हणून जंत वारंवार होत असतील तर आणखी जालीम औषध शोधण्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: हा जंत नेमका कोणता आणि तो कोणत्या वाटेने येतो? प्रत्येक जंताची वाट निराळी असते.

हरणीच्या दाण्यांची वाट पिसवांतून जात होती. पट्टकृमी, ज्याला आपण टेपवर्म म्हणतो, तो आतड्यात चिकटून लांब फितीसारखा वाढतो आणि शेपटाकडचे तुकडे एकेक करून सोडतो. ते दाणे म्हणजे हे तुकडे, अंड्यांनी भरलेले. पण ही अंडी कुत्र्याने थेट खाल्ली तरी त्याला जंत होत नाही. ती आधी पिसवेच्या अळीने खावी लागतात. अळीची पिसू होते, पिसू कुत्र्याला चावते, कुत्रं कातावून दाताने अंग खाजवतं आणि पिसू गिळतं. तिच्या पोटातला जंताचा अंकुर तिथून पुढे तीन आठवड्यांत पुरता वाढतो. गोळी आतड्यातला जंत मारते, पिसवेला हातही लावत नाही. त्यामुळे दर महिन्याला आम्ही फक्त वरची पानं खुडत होतो.

पिसवांचंही असंच. अंगावर उड्या मारणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा छोटासा हिस्सा, बाकी सगळी अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, फरशीच्या फटीत, पोत्यांखाली असतात. हरणीला झोपायला जुनी सोलापुरी चादर होती, जाड, दुहेरी विणीची. पिसवेच्या अळीला उजेडापासून लपायला याहून चांगली जागा कोणती? कोष तर महिनोन् महिने तसेच पडून राहतात आणि जवळ हालचाल जाणवली की फुटतात. म्हणून पिसवांचं औषध निदान तीन महिने न चुकता द्यावं लागतं, तेही घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला. एक इशारा इथेच देतो. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विषासारखं बाधतं. मांजरासाठी वेगळंच औषध मागा. चादर दर आठवड्याला कढत पाण्यात बुडवून उन्हात टाका. सोलापूरचं ऊन फुकट आहे आणि या कामात फार उपयोगाचं आहे.

हे केलं आणि दाणे थांबले. पण हरणी काही भरेना.

हरणी कारवानी आहे. सोलापूर, विजापूर, बागलकोट या पट्ट्यातला हा उंच, सडपातळ, पळणारा कुत्रा. कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात, आणि 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळही होता. या जातीच्या तब्येतीबद्दल दोन्ही बाजूंनी फसगत होते. निरोगी कारवानीच्याही शेवटच्या फासळ्या दिसतात, कमरेची हाडं वर आलेली असतात. ते पाहून कुणीही म्हणतं, ‘जंत झालेत, औषध पाजा.’ उलट खरोखर रक्त आटलेलं कुत्रं डोळ्यांसमोर असलं तरी मालक म्हणतो, जातच बारीक आहे. म्हणून फासळ्या मोजू नका, हिरड्या बघा. ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा. पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी काळी असेल तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. हरणीची पापणी आतून फिकट होती आणि शी डांबरासारखी काळी, चिकट.

ही खूण अंकुशकृमीची, म्हणजे हुकवर्मची. हुकवर्म जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांब असतो, पण आतड्याच्या भिंतीला दातांनी धरून रक्त पितो. जागा बदलतो तेव्हा मागची जखम वाहत राहते. मोठं कुत्रं महिनोन् महिने तग धरतं, पिल्लू दोन-तीन आठवड्यांतच जातं. त्याची अंडी शीतून बाहेर पडली की उबदार ओलसर मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि साधारण आठवड्याभरात अळी नव्या कुत्र्यात शिरायला तयार होते. तोंडावाटे तर जातेच, शिवाय पंजाच्या आणि पोटाच्या कातडीतूनही शिरते. माणसाच्या हुकवर्मची ही वाट कैरोमध्ये आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाला योगायोगानेच सापडली. अळ्यांचं पाणी त्याच्या हातावर सांडलं, तिथे खाज सुटली आणि पुढे त्याच्याच शौचात जंताची अंडी मिळाली. 1898 साली त्याने हे प्रसिद्ध केलं. कुत्र्याचा हुकवर्म माणसाच्या कातडीत शिरतो तेव्हा बहुधा तिथेच भरकटतो आणि लाल, खाजरी, नागमोडी रेघ उमटते. अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायावर अशी रेघ दिसली तर डॉक्टरांना अंगणातल्या कुत्र्याबद्दल जरूर सांगा.

आता सोलापूरचा प्रश्न. ही अळी उन्हाने आणि कोरडेपणाने मरते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, काळ्या मातीला हाताएवढ्या भेगा पडतात. अशा ठिकाणी हुकवर्म टिकतोच कसा? या कोड्याचं उत्तर मला आमच्याच अंगणात मिळालं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात प्रत्येक घरी हौद, रांजण, ड्रम असतात. रांजण पाझरतो, भरताना पाणी सांडतं. सगळं अंगण भाजत असताना रांजणाखाली हातभर जागा गार आणि ओली राहते. कुत्र्याला ती बरोबर कळते. हरणी तिथे खड्डा उकरून दुपारभर पोट टेकून पडायची. रात्री तिला जवळच बांधायचो, तेव्हा शीही तिथेच आसपास व्हायची. म्हणजे गावभरची ऊन-माती जंतांना मारत होती आणि आम्ही त्यांच्यासाठी पाणी घातलेला वाफा राखून ठेवला होता, त्यावर हरणीचं उघडं पोट.

रांजण उचलून फरशीच्या कट्ट्यावर ठेवला, पाझर नाल्यात काढला. खालची चार बोटं माती खरवडून काढली आणि जागा पूर्ण उन्हाळाभर उघडी, कोरडी ठेवली. हरणीला दुपारी व्हरांड्यात घेतलं. औषधाइतकंच महत्त्व मी या कामाला देतो.

तरीही औषध दिल्यावर पंधरा दिवसांनी तिच्या शीत पुन्हा अंडी होती. इथे पुष्कळ जण हात टेकतात, म्हणून हे नीट समजून घ्या. अंगात शिरलेल्या हुकवर्मच्या सगळ्याच अळ्या आतड्यात जात नाहीत. काही स्नायूंमध्ये जाऊन निपचित पडून राहतात. गोळी तिथपर्यंत काम करत नाही. आतड्यातले जंत मेले, जागा रिकामी झाली की यातल्या काही जाग्या होतात आणि रिकामी जागा भरतात. बाहेरून एकही नवा जंत आला नसताना कुत्र्याला पुन्हा जंत झालेले दिसतात. म्हणून डॉक्टर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा औषध देतात, गरज पडली तर आणखी काही वेळा. हा साठा हळूहळूच संपतो.

कुत्री व्याली की हाच साठा दुधावाटे पिल्लांत उतरतो. गोलकृमीची गोष्ट तर आणखी पुढची आहे. त्याच्या झोपलेल्या अळ्या गाभणपणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात जाग्या होऊन वारेतून थेट गर्भात जातात, म्हणजे पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येतं. ‘डोळे उघडले नाहीत त्या पिल्लाला कसले जंत?’ हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा औषध द्यायचं, ते यासाठीच. आईलाही पिल्लांसोबत द्यायचं. मोठ्या कुत्र्याला सर्वसाधारणपणे तीन महिन्यांनी.

गोलकृमीची मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. अंड्यांचं कवच इतकं चिवट की फिनेलने काही होत नाही, आणि सावलीतल्या मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. फरशी असेल तर उकळतं पाणी ओता. मातीला तोही उपाय नाही. मात्र या अंड्यांत एक कच्चा दुवा आहे. ताज्या शीतलं अंडं बाधत नाही, आत अळी तयार व्हायला किमान दोन आठवडे लागतात. हुकवर्मला जवळपास आठवडा लागतो. म्हणजे रोजच्या रोज शी उचलली तर दोघांचाही हिशेब तिथेच मोडतो. ती परसातल्या खतात टाकू नका. मुलं मातीत खेळून तोंडात बोटं घालतात, त्यांच्या पोटात हे पिकलेलं अंडं गेलं तर अळी यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही जाते. रोज एक मिनिटाचं हे काम टाळू नये, असं मला कळकळीने वाटतं.

शीच्या तपासणीची पद्धत सोपी आहे. सुपारीएवढी ताजी शी स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या, कारण आपल्या उकाड्यात हुकवर्मची अंडी दिवसाभरात फुटून जातात. तिथे शी मिठाच्या किंवा साखरेच्या घट्ट पाण्यात कालवतात, गाळतात आणि थोडा वेळ ठेवतात. अंडी हलकी, ती वर तरंगतात, आणि वरची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की ओळखू येतात: गोलकृमीचं गडद, जाड कवचाचं. हुकवर्मचं पातळ कवचाचं, आत पेशींचा पुंजका. चाबूककृमीचं लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच असलेलं. हा चाबूककृमी पोटात गेल्यापासून अंडी द्यायला जवळजवळ तीन महिने घेतो, त्यामुळे शेंबडी, रक्ताळ शी होत असूनही तपासणी कोरी येऊ शकते. पट्टकृमीची अंडी अशा तपासणीत बहुतेकदा सापडत नाहीत, म्हणून दाणे दिसले तर ते बाटलीत घालून सोबत न्या.

औषधाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक वजनात होते. नेहमीच्या गोळीत तीन औषधं असतात: पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल, गोलकृमी आणि हुकवर्मसाठी पायरँटेल, आणि फेबँटेल, ज्याने चाबूककृमीही आवरतो. दहा किलो वजनाला एक गोळी. पंचवीस किलोच्या कारवानीला अडीच लागतात, आणि ‘कुत्रं तर बारीक आहे’ म्हणून एकच दिली जाते. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग आपलं वजन वजा करा. पिल्लांच्या अनेक सिरपमध्ये प्राझिक्वांटेल नसतं, त्यामुळे ते कितीही पाजलं तरी दाणे थांबणार नाहीत.

शेळ्या-मेंढ्यांच्या औषधातलं उरलेलं कुत्र्याला पाजण्याची सवय आपल्या जिल्ह्यात सर्रास आहे. शाळेत 10 फेब्रुवारीला मुलांना अल्बेंडाझोल देतात, तेच कुत्र्यालाही चालेल असंही काहींना वाटतं. ते कुत्र्याच्या हाडातल्या मगजाला, म्हणजे रक्त तयार होण्याच्या जागेला, इजा करू शकतं. आयव्हरमेक्टिन कॉलीसारख्या काही जातींना जिवावर बेततं. लसणाने जंत तर जात नाहीतच, जास्त झाला तर रक्तपेशी फुटतात, म्हणजे हुकवर्मने रक्त आटवलेल्या कुत्र्याला दुहेरी मार. आणि गोड किंवा गूळ खाल्ल्याने जंत होतात, हे कुत्र्याच्या बाबतीतही खरं नाही.

मटणाच्या दुकानातली किंवा कळपातल्या मेलेल्या मेंढीची काळीज-फुप्फुसं कच्ची टाकणं मात्र आजपासून बंद करा. त्यावर पाण्याने भरलेले पांढरे फोड दिसतात, त्यात एका चिमुकल्या पट्टकृमीचे अंकुर असतात. कुत्र्याच्या आतड्यात तो अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच होतो, कुत्र्याला त्रासही देत नाही. पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात तसाच फोड वर्षानुवर्षं वाढत जातो आणि अनेकदा शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट येते. धनगरांच्या कळपाबरोबर फिरणाऱ्या कुत्र्यांना यासाठी तीन महिने थांबून चालत नाही, प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनी लागतं. घरी घालायचं ते शिजवूनच घाला.

औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करा. वजन बरोबर, जागा कोरडी, आणि तरी अंड्यांची संख्या फारशी उतरली नसेल, तरच औषध लागू पडत नसल्याची शंका घ्या. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत असे हुकवर्म सापडले आहेत, ज्यांच्यावर नेहमीची अनेक औषधं चालत नाहीत. अशा वेळी मनाने मात्रा दुप्पट करू नका, औषधांची जोडी डॉक्टरांना ठरवू द्या.

हरणीची तिसरी तपासणी मृगाच्या आधी कोरी आली. पुढची मी सप्टेंबरच्या पावसानंतर ठेवली आहे, कारण सोलापूरची माती खरी ओली होते ती तेव्हाच.