बाळ सारखं प्यायला मागतंय? घाबरू नका!

“आत्ताच तर पाजलं, परत रडतंय! दूध पुरत नाही वाटतं.” बाळंतिणीच्या खोलीत हे हमखास ऐकू येतं आणि लगेच कुणीतरी वरच्या दुधाचा डबा आणायला निघतं. थांबा! नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितंच, संध्याकाळी तर तासातासाला. पोट इवलंसं, आईचं दूध पचतंही लवकर. शिवाय जितकं पाजाल तितकं दूध वाढतं.

दोन घोट पिऊन झोपत असेल तर आधी पकड बघा. नुसतं स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळसर भागही बराचसा तोंडात हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली. चोखणं मंदावलं की स्तन हलकेच दाबून धरा, बाळ पुन्हा गिळू लागतं. दुपटं सैल करा, तळपाय चोळा. मग दुसरी बाजू द्या.

पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर बहुधा दूध पुरतंय. शू कमी, बाळ सुस्त किंवा वजन वाढत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर बाळाला पाजा, पकड तपासून घ्या. आणि घरातल्यांनो, लंगोट तुम्ही धुवा!