ऑर्किडची तहान

पेशवाईपासून मराठी घरे झाशीत नांदत आली आहेत. नोकरीनिमित्त वा बदलीनिमित्त महाराष्ट्रातून येणारी कुटुंबे आजही त्यांत भर घालतात, आणि कुंडीतल्या तुळशी-मोगऱ्याशेजारी आता ऑर्किडही दिसू लागले आहे. वाढदिवसाला किंवा सेवानिवृत्तीच्या समारंभात भेट मिळालेले फॅलेनॉप्सिस दोन-तीन महिने फुले मिरवते. मग फुले गळतात, पाने मलूल होतात आणि घरातली माणसे कळवळून त्याला रोज पाणी घालू लागतात. बहुधा तेथेच त्याचा घात होतो.

मलूल पान हे तहानेचे लक्षण खरे; परंतु मुळे कुजली तरी पान असेच सुरकुतते. कुंडीत पाणी भरपूर असते, ते वर पोचविणारे मूळच उरलेले नसते. म्हणून निदान पानावरून न करता मुळावरून करावे. फॅलेनॉप्सिस मुख्यत्वे आग्नेय आशियाच्या दमट अरण्यांतले; तेथे ते मातीत नव्हे, तर झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढते. त्याच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, भिजताच हिरवट होते. मुळे रुपेरी व टणक असूनही पाने सुरकुतली असतील, तर रोप खरोखर तहानलेले असते. मात्र मुळे तपकिरी व मऊ झाली असतील आणि चिमटीत धरताच साल सुटून नुसता दोरा उरत असेल, तर पाणी अधिक झालेले आहे.

अशा वेळी रोप कुंडीबाहेर काढावे. ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कुजका भाग कापावा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी आणि एक दिवस सावलीत सुकू द्यावे. फुलांचा दांडा असल्यास तोही कापलेला बरा. दुबळ्या रोपाने आधी मुळे धरावीत. पुन्हा लावताना माती घेऊ नये. झाडाच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांचे खडे पुरतात. देवापुढच्या नारळाचे सोडणही चालते, फक्त ते काही दिवस पाणी बदलत भिजवून धुतलेले हवे.

झाशीची खरी अडचण हवेत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याहीपलीकडे जातो, लू वाहते, आणि हवेची ही कोरड कुंडीत पाणी ओतून भागत नाही. येथे कूलर कामी येतो. वातानुकूलित खोली थंड असली तरी कोरडी. कूलरची खोली मात्र थंड आणि ओलसर. कुंडी त्याच खोलीत, पण झोताच्या वाटेतून बाजूला, पूर्वेच्या कोवळ्या उन्हात ठेवावी. पाणी सकाळी घालावे आणि पानांच्या बेचक्यात साचू देऊ नये. पावसाळा लागला की हाच नेम उलटतो. हवाच ओली असल्याने मुळे रुपेरी होईपर्यंत वाट पाहणे भाग असते. कुंडीच्या काठावर पांढरे थर जमत असतील, तर बोअरच्या पाण्यातील क्षारांवर संशय घ्यावा. पावसाचे साठविलेले पाणी उत्तम.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कळ्या अकारण गळू लागल्या तर जवळपास आंब्याची पेटी नाही ना, हे पाहावे. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कळ्यांना सोसत नाही.

कोरड्या मुलखात ऑर्किड जगतच नाही, असे मात्र नव्हे. मध्य भारताच्या रानांत आंब्या-मोहाच्या झाडांवर वांदा टेसेलाटा वाढते. काही भागांत त्यालाच रास्ना म्हणतात. जाड पाने आणि हवेत लोंबणारी मुळे यांच्या बळावर ते उन्हाळा काढते. हौस असल्यास ते रोपवाटिकेतूनच घ्यावे, रानातून ओरबाडून आणू नये.

सावरलेल्या फॅलेनॉप्सिसला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गार रात्री मानवतात. त्या गारव्यानेच नवा दांडा फुटतो. पुढे थंडी १० अंशांखाली उतरू लागली की रात्री कुंडी खिडकीपासून आत घ्यावी. पानांच्या बगलेतून डोकावणारा कोंब मुळाचा की फुलांचा, हा प्रश्न तेव्हा घरोघरी पडतो. टोक गोल, गुळगुळीत असेल तर ते मूळ. किंचित चपटे, टोकदार आणि वर वळलेले असेल तर फुलांचा दांडा.