संक्रांतीचे वाण आणि उसाचे शेत



मी 'वाण' म्हटले की तुम्हाला को ८६०३२ आठवतो. आपले बोलणे नेहमी त्याचेच. आज मात्र बोलायचे ते आपल्या घरच्या बाया संक्रांतीला लुटतात त्या वाणाबद्दल.

संक्रांत ऐन गळितात येते. गडीमाणूस तोडणीच्या टोळीमागे अन् घरात रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू. पूर्वी सुगडात काय असायचे? उसाची कांडी, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाची ओंबी, तीळगूळ. सगळे रानातले. सुगड कुंभाराच्या हातचे, फुटले तर मातीत माती.

आता हदगावच्या बाजारातून डझनावारी प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, साबणदाण्या येतात. स्वस्त पडते हे खरे. पन्नास बायांना द्यायचे तर खर्च पाहावाच लागतो. आमच्याही घरी एका संक्रांतीला साबणदाण्याच सात आल्या! उन्हाळ्यापर्यंत बहुतेक तडकून उकिरड्यावर गेल्या.

पण उकिरड्यावर गेलेली वस्तू उकिरड्यावर राहत नाही. तेच शेणखत आपण उसाला टाकतो. सरी पाडताना पिशव्यांच्या चिंध्या फाळाला गुंडाळून येतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. जिथे ती पिशवी पसरते तिथे पाणी नीट मुरत नाही, मूळ अडते. शिळे अन्न पिशवीत बांधून टाकले तर जनावर पिशवीसकट गिळते. पिशवी कोठीपोटात साठते, रवंथ थांबते, पोट फुगते. मग डॉक्टरांकडून पोट फाडून काढायची, नाहीतर दावणीचे जनावर हातचे जायचे. चूल पेटवायला प्लॅस्टिक घालणे हाही उपाय नव्हे. तो विषारी धूर घरातल्या बाईच्याच छातीत जातो.

राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ताटल्या, पेले, चमच्यांवर देशभर बंदी आली. वाणाचा डबा या बंदीत येत नाही. तो घ्यायचा की नाही, हे आपल्याच हातात आहे.

मग लुटायचे काय? जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या पिशव्या चालतील, गुळाचा खडा चालेल. माझ्या मते सगळ्यांत चांगले म्हणजे बियाणे. उन्हाळी दोडका, भोपळा, भेंडी लावायचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीच आहे. म्हणजे वाण मिळाले की लगेच लावता येते. (लग्नातल्या टॉवेल-टोपीचेही असेच व्हावे. ती टोपी कोणी घालत नाही, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात नुसती फिरते.)

बी घरच्या गावरान वेलाचेच घ्यावे. संकरित वेलाचे धरलेले बी पुढच्या वर्षी तसे उतरत नाही. कागदाच्या पुडीत दोडक्याच्या दहा-बारा बिया पुरेत. लावण्याआधी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवाव्यात आणि मोरीचे पाणी जाते त्या कडेला आळे करून टोकाव्यात. थंडी जास्त असेल तर आठवडाभर थांबावे.