कालव्याने घडविलेली नगरे

शहरे नदीकाठी वसतात, हे शालेय इतिहासातील सर्वपरिचित सूत्र होय. परंतु नदी निसर्ग देतो. कालवा माणसाला आपल्या निर्णयाने आणि आपल्या पैशाने खणावा लागतो. म्हणूनच कालव्याकाठच्या शहरांच्या उदयास्तात अर्थकारणाचा हात अधिक स्पष्ट दिसतो. अमेरिकेतील ईरी कालवा हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पर्वतरांगांपलीकडचे धान्य अटलांटिक किनाऱ्यावर आणायचे तर वाहतुकीतच त्याची किंमत बुडून जाई. कालव्यांसाठी संघराज्याचा पैसा मिळण्याची आशा १८१७ मध्ये अध्यक्ष मॅडिसन यांच्या नकाराधिकाराने मावळली. तेव्हा न्यूयॉर्क राज्याने डेविट क्लिंटन यांच्या पुढाकाराने कर्ज उभारून हे काम स्वतःच्या शिरावर घेतले. टीकाकारांनी त्याची ‘क्लिंटनचा चर’ म्हणून टर उडविली. पण १८२५ मध्ये आल्बनी ते बफेलो हा ३६३ मैल लांब, ४० फूट रुंद आणि अवघा ४ फूट खोल जलमार्ग खुला झाला. ८३ जलपाशांतून नावा चढू-उतरू लागल्या. बफेलोहून न्यूयॉर्कला टनभर माल नेण्यास सुमारे १०० डॉलर लागत, तेथे १० डॉलरांच्या आसपास भागू लागले.

वाहतुकीचा दर उतरला की भूगोलच बदलतो. धबधब्याच्या शक्तीवर पिठाच्या गिरण्या चालविणाऱ्या रॉचेस्टरला दूरची बाजारपेठ मिळाली आणि १८२० मध्ये १,५०२ असलेली तेथील लोकसंख्या १८३० मध्ये ९,२०७ झाली. बफेलोला हे भाग्य आयते लाभले नव्हते. कालव्याचे टोक शेजारच्या ब्लॅक रॉककडे जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन बंदर सुधारले. पुढे १८४२ मध्ये जोसेफ डार्ट याने तेथे वाफेवर चालणारे धान्य-उचल यंत्र उभारले आणि बफेलो धान्यव्यापाराचे मोठे केंद्र झाले. न्यूयॉर्क बंदराचे अग्रस्थान तर अढळच झाले.

मात्र मार्गाने दिलेले वैभव नवा मार्ग हिरावूनही घेतो. रेल्वेने स्पर्धा सुरू केली. १८८२ मध्ये राज्याने कालव्यावरील कर रद्द केला. सिरॅक्यूजमध्ये जुन्या पात्राचा रस्ता झाला, तर रॉचेस्टरमध्ये त्याच पात्रातून १९२७ ते १९५६ पर्यंत शहरी रेल्वे धावली. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला होताच मोठी जहाजे बफेलोला न थांबता थेट समुद्राकडे जाऊ लागली. पोलाद उद्योगाची घसरण आणि उपनगरांकडे झालेले स्थलांतर यांनीही त्यात भर घातली. १९५० मध्ये ५,८०,१३२ लोकवस्तीचे हे शहर २०२० मध्ये २,७८,३४९ वर आले.

या इतिहासाचा अर्थ कालवा व्यर्थ ठरला, असा नव्हे. खाजगी भांडवल कचरते तेथे सार्वजनिक गुंतवणूक काय करू शकते, याचा तो पुरावाच आहे. पण सोयीचे स्थान ही मालमत्ता नव्हे, मुदतीचा भाडेपट्टा होय. भरभराटीच्या काळातील उत्पन्न नव्या उद्योगांत व कौशल्यांत गुंतविणारे नगर तो पट्टा संपल्यावरही तग धरण्याची आशा बाळगू शकते. जे तसे करीत नाही, त्याच्या गोदामांना कुलपे लागतात. आणि त्याची झळ बसते ती आधी कष्टकऱ्यांच्या घरांना.